मामंजींचं आभाळ

आमच्या गल्लीत कुणी आभाळाकडे बघत नसे. लोक आमच्या गच्चीकडे बघत. गच्चीवर कापड वाळत पडलेलं दिसलं की समोरचा बेकरीवाला पिठाची रिकामी पोती उन्हात टाकायचा, शेजारची शिवणवाली गाद्यांच्या खोळी बाहेर काढायची आणि कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाई छत्री घरी ठेवून शाळेला निघायच्या. गच्ची रिकामी दिसली की ज्याने त्याने आपापलं गुपचूप आवरलं. वर्तमानपत्रात काय छापून आलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

आम्ही रंगारी. खाली रंगाचे हंडे, मधल्या मजल्यावर घर, वर गच्ची. अर्धवट वाळलेल्या रंगावर पावसाचा थेंब पडला की तिथे फिकट ठिपका उठतो, आणि तो ठिपका ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. त्यामुळे कापड वर घालायचं की नाही, हा आमच्या घरातला रोजचा पहिला प्रश्न. उत्तर द्यायचे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणते, गल्ली त्यांना आभाळवाले म्हणते. सकाळचा चहा संपला की ते गच्चीवर जायचे. दोरी ओढून बघायचे, कठड्याच्या कडेला मुंग्या शोधायचे, बेकरीच्या धुराड्याकडे मान वळवायचे, पाकोळ्या, ती निमुळत्या पंखांची पाखरं, उंच उडताहेत की खाली ते बघायचे, आणि मग वरूनच ओरडायचे, “घाला!” किंवा “नको!” मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचा शब्द चुकलेला मी पाहिला नव्हता. लख्ख ऊन पडलेलं असताना ते “नको” म्हणायचे, माझा नवरा कुरकुरायचा, आणि दुपारी धो धो!

“कसं कळतं हो तुम्हाला?” असं मी त्यांना कितीदा विचारलं असेल. “कळतं,” एवढंच उत्तर. आता माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट कळली नाही तर मला अन्न गोड लागत नाही. पण मामंजींपुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर सासूबाई घर सोडून गेल्या.

सोडून म्हणजे, शब्द वापरला होता “थोडे दिवस लेकीकडे जाऊन येते”. पण ऐन उन्हाळ्यात निघालेल्या बाईने बॅगेत शाल, स्वेटर आणि लोकरीचे मोजे भरले, तेव्हाच मी काय ते समजले. भांडण तरी कशाचं? सासूबाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून गुडघा चोळत होत्या, रात्री कशी कळ आली ते सांगत होत्या, आणि त्यांचं वाक्य अर्धं तोंडात असताना मामंजी कप ठेवून उठले आणि चालू पडले. रोज उठायचे तसेच. त्या दिवशी सासूबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. “जन्म गेला भिंतीशी बोलण्यात,” त्या म्हणाल्या. “भिंत निदान जागची उठून तरी जात नाही.” मामंजी तोवर गच्चीवर पोचले होते, म्हणजे हेही त्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळच्या गाडीने सासूबाई डोंगरापलीकडे, माझ्या नणंदेकडे गेल्या.

उन्हाळाभर काही बिघडलं नाही, कारण उन्हाळ्यात आमची मांजरसुद्धा बरोबर सांगेल. भर पावसाळ्यात गच्चीचा प्रश्नच नसतो, आम्ही लहानसहान कामं घेतो आणि खाली पंख्याखाली वाळवतो. पंचाईत सुरू झाली ती पाऊस सरताना. हे दिवस फार लबाड. सकाळी थंडीची झाक, दुपारी उकाडा, आणि मध्येच कुठून तरी एक ढग वाट चुकल्यासारखा येतो. याच दिवसांत मामंजींची खरी किंमत कळायची.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी ते “घाला!” म्हणून ओरडले आणि आमचं पिवळं कापड भिजून देवी आल्यासारखं ठिपक्याठिपक्यांचं झालं. बेकरीवाल्याची पोती भिजली. शिक्षिकाबाई चिंब होऊन घरी आल्या, दारात मला बघून म्हणाल्या, “आभाळवाल्यांना माझा नमस्कार सांगा.” असो, होतं कधीकधी. दोन दिवसांनी “नको” म्हणाले आणि दिवसभर असं कडकडीत ऊन पडलं की डोळे उघडवत नव्हते. मग परत भिजलो. मग परत. शेवटी मामंजी एका सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. चहावर साय धरली.

“वर जायचं ना?” माझा नवरा म्हणाला.

“तुम्ही बघा. माझं गेलं ते,” मामंजी म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

हा माणूस आजारपणातसुद्धा जिना चढून वर जायचा. आता दिवसभर त्या खुर्चीत. हातावरचा निळा रंग कधी जात नसे, तोही फिका पडायला लागला. नवरा म्हणाला, वय झालं, होतं असं. आणि त्याने फोनवर हवामान बघायला सुरुवात केली. फोन सांगायचा, पावसाची शक्यता चाळीस टक्के. मी म्हटलं, “मग काय, चाळीस टक्के कापड खाली ठेवू आणि साठ टक्के वर घालू?” त्याला राग आला. मला तर आधीच आला होता.

तशात नाट्यगृहाचं काम आलं. रंगमंचाचा मोठा पडदा, गडद लाल रंगवायचा. तो पंख्याखाली वाळवता येत नाही, घडी पडली की पट्टा उमटतो. तो पूर्ण लांबीने, मोकळ्या हवेत, एका दमात वाळायला हवा. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण कोरडा दिवस. तो दिवस कुठला, ते सांगणारा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला.

मी मनाशी म्हटलं, गेलं म्हणजे कुठे गेलं? विद्या अशी बाजारातल्या पिशवीसारखी हरवत नाही. आधी होती काय ते तर बघू. मी मामंजींच्या समोर स्टूल ओढून बसले आणि त्यांना सोडलंच नाही. “काय काय बघायचात ते सांगा. नाही सांगितलंत तर मी इथून उठत नाही, आणि मी उठले नाही तर जेवण नाही.”

त्यांनी नाइलाजाने सांगितलं. पाऊस यायचा असला की दोरी ताणते. मुंग्या अंडी घेऊन वरच्या बाजूला जातात. बेकरीचा धूर सरळ न जाता खाली बसतो. पाकोळ्या घरांच्या उंचीवर उतरतात. एवढंच. त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं.

मी गच्चीवर गेले आणि दोरी ओढली. ओढली आणि तशीच धरून उभी राहिले.

दोरी नायलॉनची होती.

अहो, नायलॉनची दोरी कशाची ताणतेय! सुताची ताणायची, ती बदलून जमाना झाला. मीच तर आणली होती बाजारातून. मग मुंग्या बघायला गेले. कठड्याच्या त्या फटी नवऱ्याने सिमेंटने बुजवलेल्या, मुंगी औषधाला नाही. बेकरीच्या धुराड्याकडे बघितलं. बेकरीवाला विजेची भट्टी घेऊन बसलाय, धुराड्यात कबुतरांनी घर केलंय. आणि पाकोळ्या? पाकोळ्या ज्या बाजूने यायच्या तिथे आता उंच इमारत उभी आहे, तिच्या पाण्याच्या टाक्या तेवढ्या दिसतात.

म्हणजे ज्या खुणांवर हा माणूस आभाळ वाचत होता, त्यातली एकही खूण जागेवर नव्हती. आज नाही, कित्येक वर्षांपासून नव्हती. आणि त्या सगळ्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

मी धावत खाली आले. “मामंजी, दोरी नायलॉनची आहे!”

“माहितेय.”

“मग ती ओढून तुम्हाला काय कळायचं?”

“काही नाही,” ते म्हणाले. “ओढायची सवय.”

“मग कळायचं कशावरून?”

“तेच तर मला कळत नाहीये गं!” ते इतक्या जोरात ओरडले की खालून नवरा वर आला. मामंजींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस भाव खातोय, सांगत नाहीये. आणि त्याला सांगण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं!

आता मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, “मामंजी, आज सगळं पूर्वीसारखं करायचं. उठल्यापासून. काही गाळायचं नाही. मी बघते.” ते म्हणाले, नाटकं नकोत. मी म्हटलं, नाट्यगृहाचंच काम आहे, थोडं नाटक करा. अखेर उठले. तोंड धुतलं, खिडकी उघडली, बाहेर नजर टाकली पण तिथे काही बघितलंबिघितलं नाही. स्वयंपाकघरात येऊन आपल्या जागेवर बसले. मी चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि थांबले.

“आता?” मी विचारलं.

“आता काय?”

“थांबलात का?”

“थांबलो कुठे.” पण थांबले होते. कप हातात, मान जरा तिरकी, नजर चुलीजवळच्या रिकाम्या स्टुलावर. बस येण्याआधी माणूस रस्त्याकडे कान देऊन उभा राहतो ना, तसे.

“मामंजी, कशाची वाट बघताय?”

“कशाची नाही गं. या वेळेला ती बोलत असायची.”

“आई? काय बोलायच्या?”

“कोण ऐकतंय! आपली रोजची किरकिर. आज उजवा ठणकतोय. आज दोन्ही जड झालेत, जिन्याकडे बघवत नाही. आज डाव्यात कुणी खिळा मारतंय. आज नुसतंच सुरसुरतंय. रात्रभर ठसठसत होतं, पहाटे जरा डोळा लागला. आज बाई बरं आहे, आज हलकं वाटतंय...” ते बोलतच सुटले. सासूबाईंच्या शब्दांत, सासूबाईंच्या सुरात. मला तर काटा आला. एका जागी बसून त्यांनी कितीतरी सकाळी म्हणून दाखवल्या.

“आणि मग?”

“मग काय? मग मी वर जायचो आभाळ बघायला.”

मी कपाळावर हात मारला. “मामंजी! वर जायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असायचं. उजवा ठणकला की ‘नको’. हलकं वाटलं की ‘घाला’. आभाळ गच्चीवर नव्हतंच, ते या स्टुलावर बसायचं!”

त्यांना भयंकर राग आला. त्यांच्या वडिलांची विद्या काय, मी काय बोलते काय, सुनेने सासऱ्याशी असं बोलावं का, सगळं झालं. उठून गेले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फोन माझ्यापुढे धरला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “जरा लावून दे.”

लावला. त्यांनी फोन कानाला लावून एकदम विचारलं, “गुडघे कसे आहेत?”

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. “कोण बोलतंय?”

“मी.”

“मी कोण?”

“मी म्हणजे मी! गुडघे कसे आहेत विचारतोय!”

मग, “सूनबाईला द्या.” मी फोन घेतला. “अगं, काय झालंय त्यांना? ताप आहे का? डॉक्टरांना दाखवलंत?”

“नाही आई, सहज विचारलं त्यांनी.”

“सहज? हा माणूस सहज काही विचारत नसतो.” पुढे म्हणाल्या, “सांग म्हणावं, छान आहेत. मुळीच दुखत नाहीत.” आणि मग अगदी हळू आवाजात, “स्वतःहून विचारलं त्यांनी?”

“स्वतःहून,” मी म्हटलं.

छान आहेत! मुळीच दुखत नाहीत! आमच्या घरात आनंदीआनंद. मामंजी तरातरा गच्चीवर गेले, नायलॉनची दोरी ओढली आणि इतक्या दिवसांनी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “घाला!” आम्ही पडदा लाल रंगवून वर चढवला. समोर बेकरीवाल्याने पोती टाकली, शिवणवालीने खोळी टाकल्या. गल्ली परत जागेवर आली. आणि दुपारी, पडदा अर्धा वाळला असताना, असा पाऊस आला की विचारू नका. आम्ही तिघांनी पडदा उतरवेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. लाल पाणी जिन्यावरून उतरून दारापर्यंत गेलं, बेकरीवाला घाबरून विचारायला आला, कुणाला लागलं का.

पडद्याकडे बघत नवरा म्हणाला, “तुम्ही दोघांनी आईला विचारलं?”

“हो.”

“अगं, आई डोंगराच्या पलीकडे आहे. तिचे गुडघे पण तिकडेच असणार ना! तिकडचं आभाळ तिकडे, इकडचं इकडे.”

इतकी साधी गोष्ट! मी दात-ओठ खात जिना पुसायला घेतला. मामंजींना मात्र हसू फुटलं. कधी नव्हे ते असे हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. “मग ती इथेच पाहिजे,” ते म्हणाले. “उद्या आणायला जातो.”

पडदा आणखी गडद रंगवला तर ठिपके झाकले जाणार होते. पण एकदाच. तिसऱ्यांदा उकळी दिली तर कापड सोसणार नव्हतं. म्हणजे पुढचा दिवस अचूक निवडायला हवा होता, आणि त्यासाठी सासूबाई घरात हव्या होत्या. मी मामंजींबरोबर निघाले. एकटं सोडण्यात अर्थ नव्हता, काहीतरी बोलून आले असते.

माझ्या डोळ्यांदेखतच बोलले. नणंदेने दार उघडलं, सासूबाई बाहेर आल्या. केस नीट विंचरलेले, चेहरा उजळलेला. नणंद माझ्या कानात म्हणाली, “बाबांनी गुडघे विचारले म्हणून आईने साऱ्या इमारतीला सांगितलंय.” पाणी झालं, चहा झाला. मग सासूबाईंनी अगदी सहज आवाज काढून विचारलं, “एकदम गुडघ्यांची बरी आठवण झाली?”

देवा, यांना एकदा तरी खोटं बोलायची बुद्धी दे, असं मी मनात म्हणतेय तोवर मामंजी म्हणाले, “पाऊस कळेना.”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दोरी, मुंग्या, धुराडं, स्टूल, पडदा. काहीही लपवलं नाही. सासूबाईंचा चेहरा बघता बघता उतरला.

“म्हणजे कापडासाठी,” त्या म्हणाल्या. “मी आपली वेडी, मला वाटलं माझ्यासाठी विचारलंत. मी माणूस नव्हे, तुमचं हवामान खातं!”

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “मग ऐका. लेकीने मला डॉक्टरकडे नेलं. सुई दिली, व्यायाम दिले, मी रोज करते. गुडघे बरे झालेत. इकडे मागच्या आठवड्यात पाऊस धबाधबा कोसळत होता, मला पत्ता नव्हता. आता या गुडघ्यांतून तुम्हाला काही कळायचं नाही. माझा काही उपयोग नाही तुम्हाला. चहा घेतलात ना? या आता.”

खोटं कशाला बोलू, सासूबाईंचे गुडघे बरे झाले हे ऐकून मला रडू फुटायच्या बेतात आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे पडदा. माझी मलाच लाज वाटली, पण आलं ते आलं.

मामंजी खुर्चीत बसूनच होते. “कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“उन्हाळ्यापासून.”

“मुळीच नाही दुखत?”

“सांगितलं ना.”

“जिना चढतेस?”

“चढते.”

“एकटी?”

“एकटी नाही तर काय वाजतगाजत?”

“दाखव,” मामंजी म्हणाले.

सासूबाई तडक दाराबाहेर गेल्या. इमारतीचा जिना समोरच होता. पदर खोचून एका दमात वरच्या वळणापर्यंत चढल्या, कठडा न धरता. वरून म्हणाल्या, “बघितलंत?” मामंजी दारात उभे राहून मान वर करून बघत होते. गच्चीवरून आभाळाकडे बघायचे तसेच बघत होते.

“बरं झालं,” ते म्हणाले. “फार सोसलंस. उजव्याने तर छळलंच. त्या थंडीत तर तुला मांडी मोडता येत नव्हती, पहाटे उठून बसायचीस. मग डाव्याने धरलं. भांडी वरच्या फळीवरून खाली घेतलीस तेव्हापासून.”

सासूबाई जिन्यावर तशाच थबकल्या. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तूच. दुसरं कोण सांगणार?”

“तुम्ही ऐकत होतात?”

“मला काय ठाऊक ऐकत होतो ते! ही म्हणाली तेव्हा कळलं.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं, जसा काही माझाच गुन्हा. “तू गेल्यापासून चहा घशाखाली उतरत नाही. स्टूल रिकामं असतं. मला वाटायचं, माझी विद्या गेली. विद्या कुठली, बाई गेली होती!”

सासूबाई खाली उतरल्या. डोळे पुसले आणि तेवढ्यातच डाफरल्या, “मग हे इतके महिने सांगता येत नव्हतं?”

“तू विचारलं नाहीस.”

“मी विचारायचं? वा! ऐका, सगळे ऐका!”

“चल घरी,” मामंजी म्हणाले.

“येऊन काय करू? पाऊस तर आता मलाही कळत नाही.”

“गच्चीवर ये. किती वर्षं झाली, तू वर आली नाहीस. आता चढता येतंय तर चल. दोघं बघू. चुकलो तर दोघं चुकू.”

नणंद आत जाऊन लोकरीचे कपडे घेऊन आली, तेव्हा मला कळलं, सासूबाई येणार.

पडदा आम्ही परत रंगवला. तो दिवस मी कधी विसरणार नाही. सकाळी हवेत पहिला गारवा होता. सासूबाईंनी शाल काढली होती, कपाटातला तिचा वास घरभर. स्टुलावर बसून त्यांनी चहा घेतला, मामंजींनी घेतला, आणि मग दोघं जिना चढून वर गेली. त्या पुढे, ते मागे. मी आणि नवरा ओला पडदा खांद्यावर घेऊन पायऱ्यांवर उभे. सासूबाईंनी दोरी बघितली, पाण्याच्या टाक्या बघितल्या, कबुतरं बघितली, सगळीकडे नजर फिरवली.

“काय वाटतं?” मामंजींनी विचारलं.

“मला काय विचारता? तुम्ही आभाळवाले.”

“तरी पण.”

“कोरडा जाईल, असं वाटतं बाई.”

“घाला!” मामंजी ओरडले.

दुपारी ढग आला. यायचाच होता. अगदी काळा, बेकरीच्या मागून. मी धावले तर सासूबाई माझ्या आधी गच्चीवर, त्यांच्या मागोमाग मामंजी. “उतरवा!” ते म्हणाले. “थांबा, जातोय तो,” त्या म्हणाल्या. “जात नाही, येतोय!” “तुम्हाला दिसतं तरी नीट? जातोय!” “तुला इतक्या वर्षांत आभाळ माहीत नाही आणि मला सांगतेस?” “तुम्हाला तरी कुठे माहीत होतं, माझ्याच गुडघ्यांवर तर चाललं होतं!” पडद्याच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला ते, मध्ये मी दोन्ही हात वर करून. खाली गल्लीतले सगळे मान वर करून बघताहेत. पोती उचलायची का, खोळी काढायच्या का, कुणाला काही कळेना. कारण आमच्या गच्चीवर कापड तर होतं, पण आभाळवाले एक सोडून दोन होते, आणि त्यांचं जमत नव्हतं.

ते भांडण मिटेपर्यंत ढग निघून गेला. थेंबसुद्धा पडला नाही. पडदा संध्याकाळी कडकडीत वाळला, एक ठिपका नाही. नाट्यगृहाचे लोक घेऊन गेले.

आता गल्लीत ज्याची त्याची छत्री ज्याच्या त्याच्याकडे असते. आम्ही कधी भिजतो, कधी नाही. शिक्षिकाबाई म्हणतात, आभाळवाल्यांचं पहिल्यासारखं राहिलं नाही. खरंच राहिलं नाही. पण रोज सकाळी मामंजी चहाचा पहिला घोट घेतात आणि स्टुलाकडे बघून विचारतात, “गुडघे कसे आहेत?”

“बरे आहेत,” सासूबाई म्हणतात.

त्यातून पावसाचं काहीएक कळत नाही. तरी ते रोज विचारतात, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत खुर्चीतून उठत नाहीत.